दूताच्या पाच ओळी

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

मॅडमनी आज मला दूत केलं. पाच ओळी आहेत. नाटकात दूताला नाव नाही, नुसतं 'दूत' असं छापलं आहे, तेव्हा मी कोणाची जागा अडवली असं होणार नाही.

बारावी 'क'च्या हजेरीपटावर मी नाही. मी वर्गातल्या मुलांपेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. अकरावीत असताना अब्बांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं, शिलाई बंद झाली आणि मी आण्णांच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसलो. यंदा बाहेरून बारावीला बसतो आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून. मराठीची भीती नाही. इंग्रजीची आहे. स्नेहल मॅडमच्या नोट्स मी टाइप करून देतो, म्हणून त्या मला सकाळच्या त्यांच्या दोन तासांना शेवटच्या बाकावर बसू देतात. प्राचार्यांना हे ठाऊक आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालेलं नाही.

नाटक इंग्रजी आहे, चारशे वर्षांपूर्वीचं. एक राजा आहे, त्याचा एकुलता मुलगा लढाई हरून परत येतो. राजा त्याला रागवत नाही, मारत नाही, फक्त दरबारात येऊ देत नाही. चौथ्या अंकात राजपुत्र एकटाच शत्रूच्या छावणीवर चालून जातो, परत न येण्यासाठी. मग पाचव्या अंकात दूत येऊन राजाला सांगतो. तो मी.

माझे 'व'चे उच्चार चुकतात असं मॅडम म्हणाल्या. पाच ओळींत 'व'चे चार शब्द आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दुसऱ्या तासाला महाकाव्य. फार जुनं, युद्धाचं. मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती लिहून ठेवतो. या काव्यात कोणी साधा सैनिक जरी पडला, तरी कवी लढाई तिथेच थांबवतो आणि दोन ओळींत सांगतो की हा कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, घरी याची काय काय जनावरं होती. मग लढाई पुढे सुरू.

विजयसिंह म्हणाला, "मॅडम, म्हंजे श्रद्धांजलीचा फ्लेक्सच की!"

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. पण खरं आहे. नाव, वडिलांचं नाव, गाव. आम्ही जनावरं तेवढी घालत नाही.

पृथ्वीराज चौगुले हसला नाही. त्याने हात वर करून विचारलं, "त्या वेळी त्येचा बाप काय करत हुता?"

मॅडम म्हणाल्या, "ते कवी सांगत नाही."

"मग अर्धीच सांगितली की गोष्ट."

सोमवार, १७ नोव्हेंबर

पृथ्वीराज राजपुत्र आहे. निवड मॅडमनी केली नाही, त्याने स्वतःच मागून घेतलं. विजयसिंह राजा आहे, कारण त्याचं पोट मोठं आहे. मॅडम आधी मुलांना प्रत्येक संवाद आपल्या बोलीत बोलायला लावतात आणि मग इंग्रजीत. त्यामुळे राजा मला म्हणतो, "काय रं दूता, घोडं दमलंय का तू दमलाईस?" आणि मला हसू आवरत नाही. मॅडम म्हणतात, दूताने हसायचं नाही, रडायचं नाही, थांबायचं नाही. आधी नाव सांगायचं, मग बातमी.

बातमी ऐकून राजा एवढंच म्हणतो की दिवे लावा. नंतर दुसऱ्याच कामाचं बोलू लागतो. तो रडत का नाही यावर आज वाद झाला. मुली म्हणाल्या, आतून रडतो. विजयसिंह म्हणाला, राजा हाय, त्याला रडाय परवानगी न्हाय. पृथ्वीराज म्हणाला, "सुटला असंल. पोरगं नजरंसमोर नको हुतं, गेलं."

मॅडमनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "राजाला काय वाटतं हे लिहिलेलंच नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे. नटाने भरायची."

पृथ्वीराज उजव्या पायाने थोडा लंगडतो. पूर्वी तालमीत होता. त्याचे वडील सयाजीकाका गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी बांधतात, संध्याकाळी लोक तिथे धारोष्ण दूध प्यायला जातात. तेही एके काळचे पैलवान. गेल्या वर्षी डिसेंबरात मलकापूरच्या कुस्तीच्या मैदानात पृथ्वीराज पहिल्याच मिनिटाला पडला आणि गुडघा गेला. हे सगळं विजयसिंहने सांगितलं. त्या दिवसापासून काका त्याच्याशी बोललेले नाहीत. अकरा महिने. जेवायला वाढलंय हेसुद्धा आजीकरवी सांगतात. मला हे खरं वाटत नाही. एका घरात इतके दिवस न बोलता कसं राहता येईल?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पृथ्वीराजने एक कल्पना काढली. दूत बातमी सांगत असताना मागे फ्लेक्स उघडायचा, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. "कोल्हापुरात माणूस गेलेलं फ्लेक्सवरनंच कळतंय. दूत कोण पाठवतंय?" असं तो म्हणाला. वर्गाने बाकं वाजवली. मॅडमनाही आवडलं. राजपुत्राचं नाव आणि एक मुकुट असा साधा फ्लेक्स करू, असं त्या म्हणाल्या. सहा बाय चार. गॅदरिंग वीस डिसेंबरला आहे. काम माझ्याकडे.

वर्गाने पहिल्यांदाच मला काम दिलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पृथ्वीराज तासानंतर दुकानात आला. फ्लेक्स कसा छापतात, कसा बांधतात, सगळं विचारत होता. मी त्याला आमच्या दुकानाची पद्धत सांगितली. वाढदिवसाच्या फ्लेक्सला दहा फोन करावे लागतात. कुठे बांधू, किती वाजता, नगरसेवकाचा फोटो वर का खाली. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला एकही फोन करायचा नाही. ज्या घरात माणूस गेलं त्या घराला 'कुठे बांधू' असं विचारायचं नसतं, ही आण्णांच्या वडिलांपासूनची रीत आहे. पिराजीकाका शिडी आणि तार घेऊन पहाटे निघतात, फोटो बघतात आणि बरोबर त्याच गल्लीच्या तोंडाशी बांधून येतात. एकोणीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. त्यांना वाचता येत नाही. अर्ध्या कोल्हापूरचे चेहरे येतात.

"किती दीस ऱ्हातोय बांधलेला?" पृथ्वीराजने विचारलं.

"तेराव्यापर्यंत. मग उतरवतात."

"फुडं काय करत्यात त्येचं?"

"लोक नेतात. गोठ्यावर घालायला चांगला. पाणी आत येत नाही."

तो बराच वेळ हसत राहिला. "आमच्याच गोठ्यावर घालतील मग. म्हसरं रोज बघतील मला."

त्याचा स्वभाव विनोदी आहे. मला जमत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

फाइल तयार केली. पृथ्वीराज शेजारी बसून होता. त्याने मोबाइलमधले चाळीस फोटो पाहून एक काढला. गुडघा जाण्याच्या आधीचा, अंगाला लाल माती लागलेली, हसरा. मी म्हणालो, मॅडमनी मुकुट सांगितलाय. तो म्हणाला, "मॅडमना इचारलंय मी. नाव बी माझंच घाल. नाटकातलं इंग्रजी नाव कोण वाचणार हाय? लोकास्नी खरं वाटाय पायजे."

मॅडमना विचारलं आहे म्हटल्यावर मी घातलं. कै. पृथ्वीराज सयाजी चौगुले. तारीख घालू नको म्हणाला, म्हणून तिथे फुलांची माळ टाकली. खाली 'शोकाकुल'मध्ये फक्त 'बारावी क' घाल म्हणाला. पण शोकाकुलमध्ये वडिलांचं नाव नसलेला फ्लेक्स मी पाच वर्षांत केलेला नाही. अपुरा दिसतो. तो गेल्यावर मी घातलं, सर्वांत वर. श्री. सयाजी दत्तोबा चौगुले, वडील. दुसऱ्या ओळीत आक्का, आजी. आई लहानपणीच वारली, ते विजयसिंहने सांगितलं होतं.

सगळं दोनदा तपासलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पृथ्वीराजने मला त्याचं घड्याळ दिलं. चौदा वर्षांखालच्या गटात मैदान मारलं तेव्हा मिळालेलं, मागे तसं कोरलेलं आहे. मी नको म्हणालो. "ऱ्हाऊ दे, अल्ताफभाई. दूताला येळ कळाय पायजे," असं म्हणून त्याने माझ्या हाताला बांधलंच. मोजे आणि लंगोट त्याने तालमीतल्या एका लहान मुलाला दिले म्हणे. इंग्रजीच्या सगळ्या नोट्सही मला देऊन टाकल्या. मग तो अभ्यास कशावरून करणार? पाठ झालंय म्हणाला.

इतकी महागाची वस्तू वापरायला बरं वाटत नाही. काढून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. वर चिठ्ठी लावली : पृ. चौगुले. परत करणे.

घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. मी लावून घेतलं नाही. दुसऱ्याचं आहे.

सोमवार, ८ डिसेंबर

अम्माला मोबाइलवर फाइल दाखवली. तिला वाचता येतं. तिने फोन उलटा ठेवला. "जित्या पोराचं असलं करू नये रे, अल्ताफ. त्याची मां नाही का कुणी?" मी सांगितलं, नाटकाचं आहे, मॅडमनी सांगितलंय. ती म्हणाली, "मॅडमनी सांगितलं ते तू ऐकलंस का?"

ऐकलं नाही. उद्या मॅडमना विचारायचं.

बुधवार, १० डिसेंबर

विचारलं नाही. मॅडमच्या भोवती मुली होत्या. शिवाय विचारलं तर पृथ्वीराजवर विश्वास नाही असं झालं असतं. या वर्गात माझ्याशी नावाने बोलणारा तो एकटाच आहे.

आज त्याने चौथ्या अंकातलं भाषण म्हटलं. मॅडमनी डोळे पुसले आणि त्याला नंतर थांबायला सांगितलं. तो थांबला नाही, गोठ्यात काम आहे म्हणाला.

गुरुवार, ११ डिसेंबर

फ्लेक्स छापून झाला. रंग छान उतरले, माती खरी वाटते. चौकट ठोकून भिंतीला उभा केला. पिराजीकाका चार दिवस इचलकरंजीला लेकीकडे आहेत, उद्या पहाटे येतील. गैरसमज नको म्हणून फ्लेक्सच्या कोपऱ्यावर चिठ्ठी चिकटवली, ठळक अक्षरांत : 'हा फ्लेक्स शाळेच्या नाटकाचा आहे. कृपया बांधू नये.'

शुक्रवार, १२ डिसेंबर

अक्षर वाईट येईल.

पावणेसातला आण्णांचा फोन आला. "आल्त्या, चौगुल्यांचं पोरगं गेलं व्हय रं? कवा? मला सांगितलं न्हाईस ते?"

मी चप्पल न घालता धावलो. चिठ्ठी. मी चिठ्ठी लिहिली होती. पिराजीकाकांना वाचता येत नाही, हे मीच या वहीत लिहिलं आहे, पंधरा दिवसांपूर्वी.

गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला, सरळ रेषेत बांधलेला. पन्नास-साठ माणसं. बायका चौगुल्यांच्या उंबऱ्याशी. कोणी तरी म्हणत होतं, माती किती वाजता? कोणी फोटो काढून पाठवत होतं. पिराजीकाका टोपी काढून बाजूला उभे होते. मला बघून म्हणाले, "सोन्यासारखं पोरगं, अल्ताफ. गेल्या शिमग्याला माझी शिडी धरल्याली त्येनं."

मी काही बोलायच्या आत सयाजीकाका आले. गोठ्यावरून, दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या. लोक बाजूला झाले. कोणी त्यांना सांगितलं नाही, सगळे समजत होते की त्यांना ठाऊक आहे. त्यांनी वर पाहिलं. ते वाचत होते हे दिसत होतं, ओठ हलत होते. आधी मुलाचं नाव. मग खाली आले. स्वतःच्या नावाशी थांबले.

किटल्या त्यांनी खाली ठेवल्या नाहीत, सुटल्या. दूध गटारापर्यंत गेलं.

मग त्यांनी फ्लेक्स धरला आणि ओढला. आमचा माल हाताने फाटत नाही. ते ओढत राहिले, दातांनी धरला, तारेने तळवा कापला, शेवटी चौकटीसकट अंगावर आला. आणि ते ओरडत होते. मी पैलवान माणसाचा असला आवाज कधी ऐकलेला नाही. त्यात शब्द एकच होता, पृथ्वी, पृथ्वी.

मॅडम म्हणतात, आधी नाव, मग बातमी. मी गर्दीतून पुढे गेलो आणि म्हणालो, "पृथ्वीराज. पृथ्वीराज हाय, काका. जित्ता हाय. ह्ये नाटकातलं हाय. मी केलंय."

सयाजीकाकांनी माझी मान धरली, पण दाबली नाही. "जित्ता हाय?"

"हाय."

"कुटं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी दोनदा तपासल्याशिवाय काही लिहीत नाही, आणि इतक्या माणसांसमोर मी न तपासता बोललो होतो.

घरात नव्हता. फोन बंद. उंबऱ्यातून आक्का म्हणाली, "पाचला गेला. पाया पडला माज्या. परीक्षा असंल म्हणलं मी." आज कसलीही परीक्षा नव्हती. मी ते सांगितलं. सांगायला नको होतं बहुतेक, कारण सयाजीकाका मटकन खाली बसले, रस्त्यावर, त्या फ्लेक्सवरच.

मागून कोणी विचारलं, "ह्यो कोण? कुणाचा पोरगा?" दुसऱ्याने माझं नाव सांगितलं. मग आणखी कोणी काही म्हणालं, ते लिहीत नाही. पिराजीकाका माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बांधलाय मी. मला मारा," म्हणाले.

एक तास चाळीस मिनिटं. माणसं गाड्या घेऊन चारी दिशांना गेली. मी तिथेच उभा राहिलो. पळून जावं असं तीनदा वाटलं.

साडेआठनंतर एक रिक्षा आली आणि पृथ्वीराज उतरला. युनिफॉर्ममध्ये, दप्तर नाही. तो मलकापूरच्या वडापच्या जीपमध्ये बसला होता. केर्ली गावाच्या पुढे शेजारच्या बाईने मोबाइल पुढे केला, "आरं, ह्यो तूच न्हवं?" फ्लेक्सचा फोटो होता, आणि त्याच्याखाली वडिलांचा व्हिडिओ, फ्लेक्स ओढतानाचा. त्याने तो तिथे बसून पूर्ण पाहिला आणि गाडी थांबवली. हे त्याने नंतर सांगितलं. मलकापूरला कशाला चालला होता? आत्याकडे, म्हणाला. आक्का म्हणाली, आत्या दोन वर्षांपूर्वीच पुण्याला गेली.

तो गल्लीच्या तोंडाशी थांबला. पुढे येईना. आता मार बसणार असं सगळ्यांना वाटलं. सयाजीकाका उठले. तळव्यातून रक्त येत होतं ते त्यांनी धोतराला पुसलं. मुलाकडे चालत गेले आणि एक हाताच्या अंतरावर उभे राहिले.

"च्या घेतलास?" म्हणाले.

"न्हाय."

"चल."

एवढंच. मग दोघे आत गेले. गर्दी माझ्याकडे वळायच्या आत पिराजीकाकांनी मला सायकलवर घातलं.

शनिवार, १३ डिसेंबर

आण्णा म्हणाले, चार दिवस दुकानात दिसू नको. काढून टाकलं का, असं विचारलं. "आरं बाबा, काढलं न्हाय. लोकं बघाय येत्यात तुला."

अब्बा म्हणाले, आपण जाऊन काकांचे पाय धरू. अम्मा म्हणाली, आत्ता नको. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ते जास्त वाईट.

मॅडमना प्राचार्यांनी बोलावून घेतलं. हजेरीपटावर नसलेला मुलगा वर्गात कसा? माझ्यामुळे त्यांना लेखी उत्तर द्यावं लागलं. वर्ग बंद. दूताच्या ओळी दुसऱ्या मुलाला. मॅडमनी फोन केला. मला वाटलं, रागावतील. त्यांनी विचारलं, "अल्ताफ, नाव घालायला मी सांगितलंय असं तो कधी म्हणाला? नक्की शब्द सांग." मी वहीतून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे मला बुधवारी कळायला हवं होतं. दोष तुझा नाही, माझा आहे." त्यांचा काय दोष? फाइल माझी होती.

सोमवार, १५ डिसेंबर

सयाजीकाका घरी आले. अब्बांनी खुर्ची दिली, ते खाली बसले. हाताला पट्टी. मी पाय धरायला वाकलो तर त्यांनी मला उठवून समोर बसवलं.

"फोटू कुणी काडला ह्यो?"

"त्यानंच निवडला."

"कवा?"

"तीन तारखेला."

"मॅडम म्हणत हुत्या, तू समदं लिवून ठेवतोस. वाच."

ही वही मी कोणाला दाखवलेली नाही. पण त्यांना नाही म्हणता येईना. जिथे जिथे पृथ्वीराज आहे तिथलं सगळं वाचलं. त्या वेळी त्येचा बाप काय करत हुता. सुटला असंल. गोठ्यावर घालतील. लंगोट देऊन टाकला. प्रत्येक वाक्यानंतर ते "हं" म्हणत, आणि "हं" लहान होत गेलं. मला वाटलं, ते पुरावा गोळा करत आहेत. घड्याळाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"कुटं हाय घड्याळ?"

"दुकानात. ड्रॉवरमध्ये. लगेच आणून देतो."

"नको. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. तू आपणहून देऊ नको." त्यांनी माझं मनगट धरलं. "त्येनं मागितलं तर दे. आन् मागितलं की मला येऊन सांग. कवाबी. म्हशीखाली बसलो आसलो तरी."

अम्मा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. काका गेल्यावर मी तिला विचारलं, घड्याळाचं असं का म्हणाले? ती म्हणाली, "सांगितलंय तसं कर."

शनिवार, २० डिसेंबर

आज गॅदरिंग. मी गेलो नाही. दुकानात बसून पाच ओळी मनात म्हटल्या. 'व'चे चारही शब्द बरोबर आले.

विजयसिंहचा फोन आला. पृथ्वीराजने काम केलं नाही, चौथा अंक मॅडमनी गाळला. सयाजीकाका फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी पृथ्वीराज. राजा म्हणाला, दिवे लावा, तेव्हा काका उठून उभे राहिले. लोक म्हणाले, खाली बसा, मागं दिसंना.

बुधवार, ७ जानेवारी २०२६

पृथ्वीराज आता दुपारी दुकानात येतो. मॅडमनी त्या दिवशी जे शिकवलं असेल ते मला सांगतो. त्यांनीच पाठवलं आहे बहुतेक. आज महाकाव्याचा शेवट. लढाई संपत नाही, नुसती थांबते, म्हणाला.

दर बुधवारी काका त्याला सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरबाईंकडे नेतात. गुडघ्यासाठी असेल. पण तो म्हणाला, त्या गुडघ्याला हात लावत नाहीत, तासभर नुसतं बोलतात. नवीन पद्धत असेल. काका बाहेर बाकावर बसून राहतात. कट्ट्यावरचं संध्याकाळचं गिऱ्हाईक बुडतं, तरी जातात.

"बोलतात का आता?" मी विचारलं.

"बोलतोय की. च्या घेतलास, जेवलास, झोपलास. दिवसातनं धा येळा. कान किटले." मग म्हणाला, "अजून येत न्हाय त्येला. शिकाय लागलाय."

माझ्यावर राग आहे का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज पाच वाजता पृथ्वीराज आला. बसला नाही. काउंटरवर बोटं वाजवत म्हणाला, "अल्ताफभाई, ते माझं घड्याळ हाय का?"

मी ड्रॉवरमधून काढलं. चिठ्ठी सोडवली. तो हसला. "परत करणे! तुला ठाऊकच हुतं की." मला काय ठाऊक होतं? त्याने मनगटाला बांधलं, पाहिलं आणि म्हणाला, "सात मिन्टं फुडं हाय." मग काटे फिरवून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये वेळ बघायला हवी, म्हणाला. माझा आणि त्याचा बैठक क्रमांक एकाच केंद्रात येतो का, ते बघू या म्हणाला.

दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे मनात काही तरी राहिलं आहे, असं मला वाटलं. वाईट वाटलं. पण तो जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला, म्हणजे तसं नसावं. समजत नाही.

काकांना शब्द दिला होता. दुकान पिराजीकाकांवर सोडून गंगावेशीला गेलो. कट्ट्यावर गर्दी होती, पेले घेऊन माणसं उभी होती. सयाजीकाका म्हशीखाली बसून धार काढत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. हसायचं नाही, रडायचं नाही, थांबायचं नाही. आधी नाव, मग बातमी.

"पृथ्वीराज," मी म्हणालो. "घड्याळ मागितलं त्याने. दिलं."

धारेचा आवाज थांबला. त्यांनी कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं आणि तसेच राहिले. पेला घेऊन उभा असलेला एक पाहुणा म्हणाला, "ओ पैलवान, दूध देताय न्हवं?" काकांचे खांदे हलत होते. म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघत होती.

एवढीशी बातमी होती. एका ओळीची. मी पुन्हा सांगितली, नीट ऐकू आली नसेल म्हणून.

"ऐकलं, बाळा," ते आतूनच म्हणाले. "अजून एकदा सांग."